हबशी होता, पण…

आमच्या वर्गात एक मुलगा होता, रंगाने काळाभोर, केस आखूड आणि कुरळे. त्याचे वडील गावतलावात मासे धरत. त्याला नावाने हाक मारणारे फक्त घरचे. बाकी साऱ्या शाळेसाठी तो 'हबश्या'. "अबे हबश्या, चेंडू आण," म्हटले की तोही धावत जायचा. हबशी म्हणजे कोण, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते. काळे, दांडगे आणि आपल्यातले नसलेले काहीतरी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मग एके दिवशी इतिहासाच्या तासाला मलिक अंबर आला. गुरुजी म्हणाले, "मलिक अंबर हबशी होता, पण मोठा पराक्रमी होता." वर्गाने वळून त्या मुलाकडे पाहिले आणि हशा पिकला. तो हसला नाही. अंबरबद्दल पुढे आणखी काही आहे का, ते बघायला त्याने पुस्तकाचे पान उलटले. तिथे दुसरा धडा सुरू झाला होता.

शहापूरसारख्या, नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या गावात बसून हबशांवर लिहायचे कारण त्या वाक्यातला 'पण' आहे. गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हते. पुढे मीही मास्तर झालो आणि कित्येक वर्षे तेच वाक्य मी माझ्या वर्गात म्हणत आलो. फार उशिरा लक्षात आले की तो एवढासा शब्द केवढे काम करतो. हबशी असणे आणि मोठे असणे सहसा एकत्र येत नाही, अंबर तेवढा अपवाद, असे तो मुलांच्या मनात रुजवतो. आणि अपवाद एकदा ठरला की बाकीच्यांकडे बघायची गरज उरत नाही.

माझे म्हणणे असे आहे. आफ्रिकेतून आलेली माणसे कित्येक शतके मराठी मुलखाच्या इतिहासात आहेत आणि आपण त्यांना तीनच जागा दिल्या. अपवादाची जागा मलिक अंबरला, शत्रूची जंजिऱ्याच्या सिद्दीला, आणि उरलेल्या सगळ्यांना विस्मृतीची. शेजाऱ्याची जागा कुणालाच दिली नाही. ती दिल्याशिवाय आपला स्वतःचा इतिहासही नीट सांगून होणार नाही.

आधी अंबरकडे बघू. त्याची गोष्ट आपण त्याने राजधानी केलेल्या खडकीपासून सुरू करतो. ती सुरू व्हायला हवी इथिओपियात, जिथे १५४८ च्या सुमारास तो जन्मला. त्याचे मूळ नाव चापू. कोवळ्या वयात तो विकला गेला, मग पुन्हा विकला गेला, तांबडा समुद्र ओलांडून थेट बगदादपर्यंत. मीर कासीम नावाच्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. शेवटी त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखानही हबशीच, तोही कधीकाळी गुलाम, आणि त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते. म्हणजे अंबर नगरला पोचला तेव्हा इथे एक अख्खा समाज आधीच नांदत होता. त्यात शिपाई होते, किल्लेदार होते, कारभारी होते, आणि ज्यांची नावे कुठल्याही कागदावर आली नाहीत असे घरकामाचे गुलामही होते. अंबर त्या समाजातून वर आला. अपवाद हा शब्द इथेच गळून पडतो.

चंगीझखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी करून तो निजामशाहीत परतला. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, चांदबिबी मारली गेली, राज्य संपल्यात जमा झाले. अशा वेळी या माणसाने परांड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनेत सुखाने टेकू दिले नाही. जहांगीर इतका चिडला की भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्र त्याच्या दरबारच्या अबुल हसनने काढले. प्रत्यक्षात अंबर १६२६ साली, ऐंशीच्या घरात, आपल्या मरणाने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे.

या पंचवीस वर्षांत त्याच्या बाजूने लढले कोण? हबशी होते, तसे मराठेही होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अंबरच्या बाजूला शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी त्याच रणात पडले. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे. शत्रूच्या रसदेवर घाला घालायचा, समोरासमोर न येता त्याला दमवायचे, ही रीत मराठी स्वारांनी अंबरच्या मोहिमांत वर्षानुवर्षे वापरली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची, पाटील-कुलकर्ण्यांचे वतन मानून गावाशी थेट व्यवहार करण्याची त्याची पद्धतही पुढे महसुलाच्या इतिहासात कायम चर्चेत राहिली. स्वराज्याच्या आधीची ही पिढी समजून घ्यायची तर अंबरला पाहुण्यासारखे दिवाणखान्यात बसवून चालत नाही. तो माजघरातला माणूस आहे.

आणि पाणी. १६१० साली त्याने खडकी गावी राजधानी वसवली. तेच पुढे फत्तेनगर, मग औरंगाबाद, आज छत्रपती संभाजीनगर. कोरड्या मुलखातले हे शहर जगवायला त्याने डोंगराच्या अंगचे पाणी जमिनीखालच्या चरांतून आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, वस्तीत आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला, मोगलांनी खडकी लुटून जाळली. तरी शहर पुन्हा उभे राहिले.

आता नजर थोडी लांब टाकू. साधारण १५७० च्या सुमारास, अंबर दख्खनेत येत होता त्याच काळात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोत, गास्पार यांगा नावाचा आफ्रिकी गुलाम उसाच्या मळ्यांतून पळाला आणि वेराक्रूझच्या डोंगरात त्याने पळून आलेल्यांची वस्ती उभी केली. १६०९ साली स्पेनची फौज त्याच्यावर चालून गेली. तिला यांगा संपवता आला नाही. शेवटी तह झाला आणि त्या लोकांना स्वतःचे गाव मिळाले. १९३२ पासून त्या गावाचे नावच यांगा आहे. एकाच खंडातून उचलून नेलेली, एकाच पिढीची दोन माणसे: एकाने डोंगरात गाव वसवले, दुसऱ्याने दख्खनेत राजधानी.

हा योगायोग वाटेल तेवढा दूरचा नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते. म्हणजे अंबरच्या उभ्या कारकिर्दीत शेजारच्या गोव्यावरही तोच राजा होता जो मेक्सिकोवर होता. गोव्याच्या बाजारात मोझांबिककडून आणलेली माणसे विकली जात होती. आणि आपल्याकडची माणसेही त्याच व्यापारात सापडून मनिलामार्गे मेक्सिकोला जात होती. कातारिना दे सान हुआन या नावाने प्युएब्ला शहरात जिला लोक संतीण मानू लागले, ती १६८८ साली वारलेली बाई मुळात हिंदुस्थानातून धरून नेलेली मुलगी होती. जी गलबते आफ्रिकेची माणसे इकडे आणत होती, त्यांचेच सोबती आपल्या मुली तिकडे नेत होते. गुलामगिरी ही दुसऱ्या कुणाच्या तरी इतिहासातली गोष्ट, हे आपले समाधान खोटे आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. जंजिऱ्याचे काय? कोकणच्या माणसाने सिद्दीचा जाच पिढ्यानपिढ्या सोसला. गावे लुटली गेली, माणसे धरून नेली गेली. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला, संभाजीराजांनी समुद्रात भर घालून वाट काढायचा यत्न केला, तरी किल्ला पडला नाही. १७३६ साली चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. हे दुःख पुसायला मी सांगत नाही. अंबरलाही सोवळा करायचा नाही. तो स्वतः गुलाम होता आणि सत्ता हाती आल्यावर त्यानेही गुलाम विकत घेतले. यांगाने तहात मान्य केले होते की यापुढे पळून येणारे गुलाम आम्ही परत करू. सोसलेल्या माणसाला सत्ता मिळाली की तो आपोआप न्यायी होत नाही, आफ्रिकेतला असो की आपल्याकडला.

राज्यकर्त्याचा हिशेब राज्यकर्त्याच्या नावावर राहू द्यावा. तो सगळ्या जमातीच्या नावावर का मांडायचा? पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आपल्याला पाठ असतो. त्याच वेढ्यावर नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेला, महाराजांचा चाकर सिद्दी हिलाल आठवत नाही. वेढ्याच्या दोन्ही अंगांना हबशी होते, जसे त्या काळी प्रत्येक वेढ्याच्या दोन्ही अंगांना मराठे असत. मराठ्यांच्या बाबतीत आपण माणूस आणि जात वेगळे काढून बोलतो. हबशांच्या बाबतीत ते जमत नाही, कारण आपल्या डोळ्यांपुढे फक्त किल्ला असतो. किल्ल्यात राहणारे थोडे होते. बाकीचे कुठे गेले?

काही जण नाशिकला होते. तिथल्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे मिशनऱ्यांनी शरणपूर ही वसाहत वसवली. इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली की सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरत. त्यांतली कितीतरी शरणपूरला पाठवली जात. तिथे ती लिहा-वाचायला आणि लोहारकी, सुतारकी करायला शिकत. याओ जमातीचा जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७२ साली तो शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत आफ्रिकेला परतला. पुढच्या वर्षी १ मे रोजी, आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे काळीज जिथे पुरले तिथल्या झाडावर नाव आणि तारीख कोरली ती जेकबने. शव कित्येक महिने पायी वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबीत, त्या शवपेटीला हात लावून चाललेल्यांतही तो होता. नाशिकच्या शाळेत शिकलेले असे अनेक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊनला गेले. ते गाव वसले सुटका झालेल्या गुलामांसाठी, आणि त्याला नाव मिळाले मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात. तिकडच्या इतिहासाने आपल्या शहराचे नाव जपून ठेवले, आपण त्यांचे एकही ठेवले नाही.

तारखा जुळवून बघा. जेकबने झाडावर ती अक्षरे कोरली ते १८७३ साल. त्याच साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत द्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. हे तेच बाबासाहेब, ज्यांनी १९५४ ची पोटनिवडणूक आमच्या भंडाऱ्यातून लढवली. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले तेही अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून. मराठी विचाराने समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाशी जे नाते जोडले, त्याचा मला अभिमान आहे. त्या मोठ्या माणसांनी वाट दाखवली. त्या वाटेने घराजवळच्या आफ्रिकी माणसापर्यंत जायचे काम आपले होते. ते आपण केले नाही.

तो घराजवळचा माणूस आजही आहे. बेळगावच्या खानापूर तालुक्यात, धारवाडकडे, आणि उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोल्याच्या रानात सिद्दी राहतात. यांतले पुष्कळ जण गोव्याच्या पोर्तुगीज मालकांकडून घाट चढून पळालेल्यांचे वंशज. यांगाचे लोक डोंगरात गेले, तसे हे सह्याद्रीत आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या बोलीचा पाया कोकणीचा, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. रान तोडून केलेली थोडी शेती आणि दुसऱ्यांच्या सुपारीबागांतली मजुरी, यावर पिढ्या निघाल्या. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना २०२० साली. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमले गेले; त्या सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी हे नावच नाही.

या सिद्दी बायका जुन्या लुगड्यांची, फाटक्या सदऱ्यांची ठिगळे जोडून पांघरूण शिवतात, त्याला कवंद म्हणतात. शिवण कडेकडून सुरू होते, धावदोऱ्याच्या ओळी फिरत फिरत मधे येतात, आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावल्याशिवाय कवंद पुरे झाले असे मानत नाहीत. मी त्याचे छायाचित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझ्या आजीची वाकळ आठवली. तीही अशीच ओसरीवर पाय पसरून, गुडघ्यावर कापड ताणून, आधी कडा धरायची. तिच्या वाकळीत आजोबांच्या धोतराचा तुकडा कुठला, आत्याच्या परकराचा कुठला, हे ती अंधारात हात फिरवून सांगायची. ज्या बाईच्या हाताला ही शिवण येते, ती मला परकी कशी वाटावी?

परका कोण, याचे उत्तर खरे तर आमच्या जिल्ह्याने कधीच देऊन ठेवले आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, बांधले बहुतांशी कोहळी समाजाने. हे कोहळी मूळचे कुठले? गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले, असे परंपरा सांगते. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे सांगतात. लोकांनी पुढे त्यांना देवपण दिले. धानाच्या शेतीत ज्यांचा हात कुणी धरू शकत नाही ते पोवार आपले मूळ माळव्यात, धारेकडे सांगतात. आणि आमच्या शेजारच्या जवाहरनगरात, ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे, साऱ्या देशाची माणसे येऊन राहिली. तलावाच्या पाळीवर उभा राहून, तुडुमातून धानाच्या बांधीत जाणारे पाणी बघताना, कुणी कोहळ्याला विचारत नाही की तू कुठला. ज्याने पाणी दिले तो गावाचा. हा आमच्याकडचा न्याय आहे. त्याच न्यायाने खडकीला पाणी देणारा अंबर कुणाचा?

यावर कुणी म्हणेल, की या मूठभर सिद्दींना आज वेगळे ओळखून काय साधणार. सगळे मिसळून गेले, तेच बरे. मेक्सिकोही कैक वर्षे असेच म्हणत होता. आपले राष्ट्र दोन मुळांचे, स्पॅनिश आणि तिथले मूळ रहिवासी, असे तिथे शिकवत. १८२९ साली गुलामगिरी बंद करणारा त्यांचा राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो आफ्रिकी वंशाचा होता, तरीही तिसरे मूळ कुणी मोजले नाही. २०१९ मध्ये घटनेने आफ्रिकी वंशाच्या लोकांना मान्यता दिली आणि २०२० च्या जनगणनेत प्रश्न विचारला, तेव्हा सुमारे २५ लाख ७६ हजार लोकांनी आपण त्या वंशाचे असल्याचे सांगितले, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्के. इतकी माणसे तिथेच होती; त्यांना कुणी विचारले नव्हते. मिसळून गेलेल्याला आपल्या पणज्याचे नाव सांगायची लाज वाटत असेल, तर ते मिसळणे नव्हे, लपणे आहे.

आपल्या भाषेत या लोकांसाठी दोन शब्द आहेत. 'हबशी' आला हबश या देशनावावरून, म्हणजे इथिओपियावरून. 'सिद्दी' हा सय्यदी, म्हणजे 'माझे स्वामी', या आदराच्या संबोधनातून आला, असे मानतात. एक देशाचे नाव, एक मानाचे बोलणे. त्यांतल्या पहिल्याची आपण शिवी केली आणि ती आपल्याच पोरांच्या अंगावर फेकत आलो. काळ्या रंगाच्या पोरीला 'हबशीण' म्हणणारी आजी आणि काळी सून नको म्हणणारे घर यांच्यात फार अंतर नाही. हबशाला शेजारी मानणे म्हणूनच केवळ खानापूरच्या सिद्दींसाठी नाही, आपल्या घरातल्या पोरींसाठीही आहे.

आता मी वर्गात तो धडा वेगळा सांगतो. मलिक अंबर हबशी होता. इथे थांबतो, मुलांना नकाशावर इथिओपिया दाखवतो. मग खडकी, मग नहर, मग भातवडी. 'पण' कुठेच येत नाही. तरीही पुस्तकातला धडा जिथे संपायचा तिथेच संपतो. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने पान उलटले होते, ते मला विसरता येत नाही. त्या पुढच्या पानावर शरणपूरच्या शाळेत पाटीवर अक्षर गिरवणारा जेकब यायला हवा. गोव्याहून रात्री घाट चढणारी, पोर कमरेवर घेतलेली बाई यायला हवी. खानापूरच्या घराच्या ओसरीवर पसरलेले कवंद यायला हवे. ते पान लिहायला लेखणी उचलावी लागेल ती आपल्यालाच, कारण ते आपल्याच पुस्तकातले पान आहे.